बाराव्या वर्षाचा गठ्ठा

१

बाराव्या वर्षाचा गठ्ठा जागेवर नव्हता.

फळीवर अकरावा होता, तेरावा होता, आणि मधे वीतभर रिकामी जागा होती. बाईंनी आधी चष्मा पुसला, मग फळ्या खालून वर मोजल्या आणि मग वरून खाली. विधानसभेच्या ग्रंथालयात तेहतीस वर्षं काढलेल्या बाईंची मोजणी सहसा चुकत नसे. गठ्ठे एकेचाळीस हवे होते, ते चाळीसच भरले.

घराच्या मागच्या अंगाच्या या खोलीला सगळे अर्जांची खोली म्हणत. आबा या भागातून नऊ वेळा आमदार झाले. एकेचाळीस वर्षं रोज सकाळी सात ते दहा ते ओसरीवर बसत आणि समोरच्या लांब बाकावर लोक. प्रत्येकाचा अर्ज आबा स्वतः वाचत आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवत. काम झालं की लाल पेन्सिलीने त्यावर ‘झालं’ लिहायचं, होण्यासारखं नसलं तर ‘होणार नाही’, आणि मगच कागद कारकुनाच्या हाती द्यायचा. कारकून तो वर्षाच्या गठ्ठ्यात लावी, कापडात गुंडाळी, सुतळीने बांधी. ‘कुणाचा कागद मी कधी फाडला नाही,’ हे वाक्य आबांच्या प्रत्येक भाषणात असे, आणि विरोधकसुद्धा ते नाकारत नसत.

आता हे सगळे कागद ग्रंथालयाला द्यायचे होते. ते लावून द्यायला निवृत्त बाईंना मुद्दाम बोलावलं होतं. आठ दिवस त्या या खोलीत एकट्या बसत होत्या. विहीर, रस्ता, शाळेचं छप्पर, तुरुंगातला मुलगा. लिहिणारे बहुतेक मरून गेलेले. एखादा अर्ज पुटपुटत वाचताना बाईंना वाटे, मागे कुणीतरी उभं आहे आणि आपण नीट वाचतोय की नाही ते बघतंय. त्या अशा गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या, तरी दोनदा मागे वळून पाहिलं होतं खरं.

बाईंनी हाक मारली तशी आबांची मुलगी धावत आली, मागोमाग कारकून आणि ड्रायव्हर. तिला सगळे ताई म्हणत. यंदा वडिलांच्या जागी ती उभी राहणार होती.

“बारावं म्हणजे पुलाचं वर्ष,” ती म्हणाली आणि तिचा चेहराच उतरला.

पुलाचं वर्ष या भागात कुणाला सांगावं लागत नसे. एकोणतीस वर्षांपूर्वी नदीवरचा जुना पूल भर सकाळी कोसळला आणि अकरा माणसं गेली. पुलावरचा पहारेकरी सांगत राहिला, की खांबाला चीर पडल्याचा अर्ज मी आदल्या दिवशीच आबांकडे दिला होता. आबांनी चौकशीत शपथेवर सांगितलं, की असा अर्ज आपल्याकडे आलाच नाही. लोकांनी कुणाचं ऐकावं? पूल बंद केला नाही म्हणून पहारेकऱ्याला शिक्षा झाली आणि तो तुरुंगातच वारला.

“कुणीतरी गठ्ठा विरोधकांना विकला,” ताई म्हणाली. “आता त्यात काहीबाही घुसडून छापतील.”

ओसरीवरून काठीचा आवाज आला. आबा दारात येऊन उभे राहिले. वय चौऱ्याऐंशी, डावा हात दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यापासून लुळा, अंगात नेहमीचा काळा कोट. त्यांनी रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, “खोलीची किल्ली कुणाकडे असते?”

सगळ्यांच्या नजरा कारकुनाकडे वळल्या. एकेचाळीस वर्षं या घरात लेखणी झिजवलेला तो म्हातारा कमरेच्या किल्लीवर हात ठेवून गप्प उभा राहिला. त्याचा पुतण्या विरोधी उमेदवाराच्या कचेरीत कामाला आहे, हेही सगळ्यांना त्याच क्षणी आठवलं.

ताईने फौजदारांना फोन लावला. ते चार वाजता येतो म्हणाले.

२

बाईंना चोर शोधायला कुणी सांगितलं नव्हतं. पण कागद हरवला की त्यांना जेवण गोड लागत नसे, आणि कारकुनाचं ते गप्प राहणं त्यांच्या मनातून जाईना. आपल्यावर आळ आलेला माणूस तोंड उघडत नाही, याचं कारण काय? त्यांनी पदर खोचला आणि आधी आबांना गाठलं.

लोक उठून गेले होते. ओसरी रिकामी होती. बाई बाकाच्या शेवटच्या टोकाला टेकणार, तोच आबा म्हणाले, “तिथं नको. अलीकडे बसा.”

“का हो?”

“तिथं कुणी बसत नाही.”

ते इतक्या सहज म्हणाले की बाई निमूट अलीकडे सरकल्या. नंतर त्यांच्या लक्षात आलं, की बोलताना आबा मधूनमधून त्या टोकाकडे बघतात, आपल्या बोलण्याला तिकडूनही होकार हवा असल्यासारखे. ताईने सांगितलं होतं, वर्षभर त्यांचं हे असंच चाललंय. वय झालं, दुसरं काय?

“आबा, तुम्हाला कुणाचा संशय?”

“मी कुणाचं नाव घेतलं का?”

“नाही. तुम्ही फक्त किल्लीचं विचारलंत.”

 मांडीवरची औषधांची कापडी पिशवी आबांनी उजव्या हाताने जवळ ओढली, तिची नाडी दोन बोटांत धरली, अंगठ्याने वळवली आणि एका झटक्यात गाठ बसवली. बाई बघतच राहिल्या.

“एका हाताने?”

आबा पहिल्यांदाच हसले. “बाप गुरांच्या बाजारातला. मी दहा वर्षांचा होतो तेव्हापासून बैल बांधलेत. एका हातात वेसण धरायची, दुसऱ्या हाताने दावं खुंटाला बांधायचं. दोन्ही हात लावलेत तर बैल गेला. पहिल्या निवडणुकीत माझ्याकडे ना गाडी, ना पैसा. भरल्या बाजारात सहा बैल असे बांधून दाखवले आणि म्हणालो, एवढं ज्याला येतं तो तुमची कामंही बांधून ठेवील. आले की निवडून!”

“शहरातल्यांना येत नसेल ही गाठ.”

“शहरातल्यांना बैलच कुठे माहीत आहे?” आबा म्हणाले आणि पुन्हा त्या टोकाकडे बघू लागले. हसू जसं आलं तसंच गेलं.

३

ड्रायव्हर गाडी पुसत होता. काच चकचकीत झाली होती तरी पुसतच होता.

“माझा मोठा भाऊ त्या पुलावर होता, बाई,” तो आपणहून म्हणाला. “आबांच्या सभेला यायला निघालेला. पलीकडच्या काठची सगळी माणसं त्या दिवशी पुलावरूनच येत होती. मुख्यमंत्री यायचे होते ना. भाऊ गेल्यावर आबांनी मला नोकरी दिली. माझ्या हातून त्यांचा कागद हलेल होय?”

“तसं कोण म्हणतंय? मला फक्त काल दुपारचं सांगा.” आदल्या दिवशी सकाळी बाईंनी स्वतः सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की अकरा वर्षं झाली, उद्या बारावं घेणार. संध्याकाळी कारकुनाने खोलीला कुलूप लावलं. म्हणजे जे झालं ते मधल्या वेळात.

“दुपारी मी कुठे होतो इथे? कारकूनकाकांना घेऊन बाजारपेठेत गेलो होतो. आबांच्या चष्म्याची काडी सैल झाली म्हणून. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास.”

“झाली दुरुस्त?”

ड्रायव्हर जरा ओशाळला. “दुकानदार हसला हो. म्हणाला, काडी घट्टच आहे. काच पुसून परत दिली.”

“काका गेले तेव्हा खोली बंद होती?”

“दुपारी दोन तास ती उघडीच असते. हवा लागली नाही तर कागदांना वास मारतो. काका दारात खुर्ची टाकून बसतात. काल गेले तेव्हा...” तो थांबला. हातातलं फडकं त्याने पिळलं, पण ते कोरडंच होतं. “मला नाही माहीत. ताईसाहेब सभेला होत्या. तुम्ही जेवायला गेला होतात.”

“म्हणजे घरात एकटे आबा.”

“असं काय बोलता, बाई?” ड्रायव्हर चिडला. “एवढा गठ्ठा त्यांना उचलवेल तरी का? एक हात, त्यात काठी!”

ते मात्र खरं होतं. एकेक गठ्ठा उचलताना बाईंचीच कंबर मोडत होती.

४

कारकून आपल्या टेबलाशी बसला होता. त्याने दौत, टाक, टाचण्यांची डबी सगळं ओळीने लावलं होतं, उद्या दुसरं कुणी येणार असल्यासारखं.

“काका, काल दुपारी तुमच्या खुर्चीवर कोण बसलं होतं?”

“माझी किल्ली, माझी खोली,” कारकून म्हणाला. “दुसऱ्या कुणाचं नाव कशाला?”

“चार वाजता फौजदार येतील. या वयात तुम्हाला गाडीत घालून नेतील. तुमच्या घरच्यांनी तोंड कुठे लपवायचं?”

 बाईंना वाटलं, आता बोलेल. पण त्याने टाचण्यांची डबी उघडली, पुन्हा बंद केली आणि भलतंच विचारलं. “त्या पहारेकऱ्याला कुणी असं समोर बसून विचारलं होतं का हो, बाई?”

“म्हणजे?”

“काही नाही. नेऊ देत मला. माझी पाळी जरा उशिराच आली.”

 हा माणूस चोर नव्हता, आणि तरी शिक्षा भोगायला तयार बसला होता. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता.

५

बाई अर्जांच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून उभ्या राहिल्या. एका हाताच्या माणसाला गठ्ठा उचलता येत नाही, ठीक. विकणारा चोर मात्र तो काखोटीला मारून केव्हाच गेला असता. पण कुणाला तो नुसता नाहीसा करायचा असेल, आणि कागद फाडायची तर त्याला एकेचाळीस वर्षांची बंदी असेल, तर तो काय करील?

त्यांनी फळीवरून बोट फिरवत नेलं. सुतळीच्या गाठींकडे त्यांनी आठ दिवसांत एकदाही नीट पाहिलं नव्हतं. कारकुनाची गाठ दुहेरी, आवळलेली, नखाने सोडवावी लागणारी. पहिल्यापासून अकराव्यापर्यंत तीच, वाचून झालेले गठ्ठे कारकूनच पुन्हा बांधी. तेराव्या गठ्ठ्यावर मात्र वेगळी होती. चौदाव्यावर वेगळी. विसाव्यापर्यंत आठ गठ्ठ्यांवर तीच वेगळी गाठ, आणि एकविसाव्यापासून पुन्हा कारकुनाची.

बाईंनी तेराव्याचं सुतळीचं टोक ओढलं. गाठ एका झटक्यात सुटली. सकाळी औषधांच्या पिशवीवर त्यांनी हीच पाहिली होती.

आत तेराव्या वर्षाचे कागद होतेच, आणि खाली, उलटे सरकवलेले, बाराव्याचे. उचललेलं काहीच नव्हतं. म्हाताऱ्याने गठ्ठा होता तिथेच सोडला होता आणि मूठमूठ कागद शेजाऱ्यांच्या पोटात ढकलले होते. रिकामं कापड विसाव्याच्या तळाशी घडी करून ठेवलेलं सापडलं. दीड तासात एका हाताने एवढं काम करताना त्यांचा किती घाम निघाला असेल, असं बाईंच्या मनात आलंच.

आणि मग त्यांना दुसरंच काही दिसू लागलं. तेराव्यात एका बाईचा अर्ज होता. ‘माझ्या नवऱ्याने पूल पडायच्या आदल्या दिवशी आपल्याकडे अर्ज दिला होता. तो शोधून मिळावा.’ चौदाव्यातही तोच अर्ज, तेच अक्षर. पंधराव्यात तोच, खाली एक ओळ जास्त, ‘यंदा मुलगी शाळेत जाऊ लागली. मुलं तिला बोलतात.’ बाई भराभर पुढचे गठ्ठे सोडू लागल्या. प्रत्येक वर्षात एक, पूल पडला त्याच तारखेचा. ‘यंदा मुलीचं लग्न ठरत नाही.’ ‘यंदा सासूबाई गेल्या, शेवटपर्यंत विचारत होत्या.’ आणि या वर्षीच्या अर्जावर, गोल गोल बाळबोध अक्षरात, ‘मला आता दिसत नाही. हे नातीने लिहिलं आहे.’

एकूण एकोणतीस अर्ज होते. बाकी हजारो कागदांवर लाल पेन्सिलीने एक ना एक शब्द होताच. या एकोणतीसांवर एकही नव्हता. शब्द लिहिला नव्हता, तरी आबांनी ते खिशात न ठेवता कारकुनाच्या हाती दिले होते. ते खिशात सहन होत नसावेत.

बाईंचे डोळे भरून आले. पण घड्याळ थांबत नव्हतं. त्यांनी पंधराव्याच्या तळाशी हात घातला आणि शाळेतली पोरं वापरतात तशी एक पातळ वही बाहेर आली. बाराव्या वर्षाची आवक वही. पूल पडायच्या आदल्या दिवसाचं पान त्यांनी उघडलं. क्रमांक दोनशे बारा. ‘पुलाचा पहारेकरी. तिसऱ्या खांबाला चीर. गाड्या थांबवाव्यात.’ अक्षर कारकुनाचं नव्हतं, आबांचं होतं.

क्रमांक होता. दोनशे बारावा कागद मात्र आठही गठ्ठ्यांत कुठेच नव्हता.

६

पावणेतीनला बाईंनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. त्यांनी वही आबांच्या मांडीवर ठेवली आणि शेजारी सुतळीचा एक तुकडा, गाठीसकट.

आबांनी गाठ पाहिली. 

“गठ्ठा खोलीतच आहे,” बाई म्हणाल्या. “चष्मा सैल नव्हता. कारकूनकाका गेल्यावर तुम्ही त्यांच्या खुर्चीवर बसलात. काकांना ते काल संध्याकाळीच कळलं असणार, आपली गाठ ते ओळखत नाहीत थोडेच. तरी बोलले नाहीत.”

“वहीसुद्धा मी ओळखतो,” कारकून हळूच म्हणाला. “त्या आठवड्यात मी रजेवर होतो, मुलगा झाला होता. परत आलो तर क्रमांक आबांच्या अक्षरात आणि कागद नाही. विचारलं तर म्हणाले, राहू दे. चौकशीत मला कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. पोरं लहान होती, बाई.”

“आबा, तुम्ही एक शब्द बोलू नका,” ताई उठून उभी राहिली. मग बाईंकडे वळली. तिचा आवाज खाली आला. “हे या घरातच राहिलं तर?”

“तर चार वाजता काकांना नेतील. एकदा एका गरिबाला नेलं होतं, तसंच.”

ताईने कारकुनाकडे पाहिलं. लहानपणी याच टेबलाशी बसून त्याने तिची अक्षरं गिरवून घेतली होती.  ती मटकन खाली बसली.

“एकच राहिलं, आबा,” बाई म्हणाल्या. “काम होईपर्यंत तुम्ही कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवता. दोनशे बारावं काम झालेलं नाही.”

आबांचा उजवा हात छातीशी गेला.  मग त्यांनी एक कागद बाहेर काढला, घड्यांवर फाटत आलेला, घामाने पिवळा पडलेला.

“सात कोट झाले,” ते म्हणाले. “कागद तोच.”

ड्रायव्हर पायरीवर उभा होता. त्याच्या हातातलं फडकं गळून पडलं.

“तीन तास बसला होता,” आबा बाकाच्या टोकाकडे बघत बोलू लागले. “तिथं. सगळ्यांना पुढे जाऊ दिलं, शेवटी आला. म्हणाला, आबा, पूल बंद करा. मी वाचलं. दुसऱ्या दिवशी सभा. पूल बंद केला तर अर्धी माणसं पलीकडेच राहणार, आणि मुख्यमंत्र्यांना काय दाखवू? म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, परवा बघू. खिशात ठेवला.” त्यांनी श्वास घेतला. “त्यानंतर सहा वेळा निवडून आलो. रोज सकाळी सातला येऊन बसतो तो. बोलत नाही काही. नंबर लागायची वाट बघतो.”

 मग ड्रायव्हर म्हणाला, “माझा भाऊ तुमच्या सभेला येत होता, आबा.” आणि फडकं उचलून, “त्या पहारेकऱ्याच्या बायकोच्या घरावर दगड मारणाऱ्यांत मी होतो.”

आबांनी मान खाली घातली. आजवर ती कुणासमोर इतकी खाली गेलेली ताईने पाहिली नव्हती.

“गाडी काढ,” ते म्हणाले. “तिला घेऊन ये.”

ड्रायव्हर ऐकेल की नाही, बाईंना शंका होती. पण तो गेला. साडेतीनला गाडी परत आली तेव्हा त्याने मागचं दार स्वतः उघडलं, आणि एका ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या म्हातारीचा हात धरून तिला पायऱ्या चढवल्या. वाटेत त्याने तिला काय सांगितलं, ते दोघांनाच ठाऊक. दोघांचेही डोळे लाल होते.

म्हातारी चाचपडत बाकापाशी आली आणि नेमकी शेवटच्या टोकाला बसली. या वेळी आबांनी अडवलं नाही. त्यांनी कागद तिच्या हातात ठेवला.

तिने तो वाचला नाही, तिला दिसतच नव्हतं. तिने त्याच्या घडीवरून बोटं फिरवली. “चार घड्या घालायचे ते,” ती म्हणाली. मग शांतपणे विचारलं, “तुम्ही वाचला होता?”

“हो.”

“त्याच दिवशी?”

“त्याच दिवशी.”

“मग तसं लिहा त्यावर. तारखेसकट. तुमच्याकडे पेन्सिल असते म्हणतात.”

ताईने डोळे मिटून घेतले. आबांनी गुडघ्यावर कागद धरला, कारकून पुढे झाला आणि त्याने कागदाचा कोपरा दाबून धरला, कारण दुसरा हात चालत नव्हता. लाल पेन्सिलीने आबांनी ‘वाचलं’ लिहिलं, एकोणतीस वर्षांपूर्वीची तारीख घातली आणि खाली सही केली. कागद परत म्हातारीकडे गेला. तिने तो बाईंना मोठ्याने वाचायला लावला, दोनदा.

चारच्या ठोक्याला फौजदारांची जीप दारात थांबली. “चोर कोण?” त्यांनी पायरीवरूनच विचारलं.

“चोरी झालेली नाही,” आबा म्हणाले. “बसा. मला जबाब द्यायचा आहे. खोट्या शपथेचा.”

फौजदार टोपी काढून बसायला जागा शोधू लागले. ओसरीवर बाकाशिवाय काही नव्हतं. म्हातारीला कुणीतरी आल्याची चाहूल लागली, तशी ती सरकली. पण फौजदार ज्या बाजूला उभे होते, त्याच बाजूला ती सरकली, आणि बाकाच्या शेवटच्या टोकाशी एका माणसापुरती जागा मोकळी केली.

“बसा आता,” ती त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून म्हणाली. “आपला नंबर आलाय.”